आठवा खो

हॅमिल्टनच्या बाहेर, जिथे फुटपाथ संपतो आणि गाई सुरू होतात, तिथल्या एका घरात मी काही वर्षं शिट्टीवर जगले. उठायला शिट्टी, जेवायला शिट्टी, बाथरूममध्ये जरा जास्त वेळ लागला तर दाराबाहेर शिट्टी. ऑफिसात मला सगळे विचारायचे, तू एवढी दचकतेस का गं? आता त्यांना काय सांगणार, कपाळ?

शिट्टी माझ्या घरमालकीणबाईंची. पुण्यातल्या मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवून रिटायर झालेल्या, खो-खोच्या खमक्या कोच. त्यांना 'आंटी' म्हटलेलं खपायचं नाही आणि 'काकू' म्हटलं की नाक मुरडायच्या. "बाई म्हण. अख्खी शाळा म्हणायची, तुला काय सोनं लागलंय?" मग मीही बाईच म्हणू लागले.

खोली बघायला गेले तेव्हा माझी नोकरी कुठे, मी स्वयंपाक करते का, मित्र घरी आणणार का, यातलं एक अक्षर विचारलं नाही. वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "खो-खो खेळलीयेस?"

"शाळेत थोडं."

"थोडं म्हणजे? पळायचीस की नुसती बसायचीस?"

"बहुतेक बसायचेच."

"दिसतंय ते," माझ्या पोटाकडे बघत बाई म्हणाल्या. "बरं, ये राहायला. आजपासून तू सात नंबर."

नावं लक्षात ठेवायची नाहीत असं त्यांनी कधीतरी ठरवूनच टाकलं होतं. प्रत्येकाला छातीवर लावतात तसा नंबर. मी सात. पोस्टमन पाच. गेलेले यजमान एकटेच बिननंबरी, त्यांचा उल्लेख 'पंच' असा व्हायचा. "पंच असते तर त्यांनी तुला कधीच बाद दिलं असतं," हे मी दूध उतू घालवलं की ठरलेलं वाक्य. आणि एक नंबर म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा. घर त्यानेच घेतलेलं, हॅमिल्टनला नोकरी होती तेव्हा. आईवडिलांना पुण्याहून आणलं, मग नोकरी ऑकलंडला गेली आणि तो हेन्डरसनला राहायला गेला. पंच वारले. बाई मात्र हलल्या नाहीत.

आता शिट्टी, सलवार-कमीज, त्यावर पंचांचं जर्किन, पायात मोजे आणि मोज्यांवर जॅन्डल्स. म्हणजे आपल्या रबरी चपला. बाहेर गवतावर दंव पडलेलं असायचं आणि ह्या अशा अवतारात लॉनवर रांगोळीने खो-खोचं मैदान आखत असायच्या. शेजारच्या मेंढ्या कुंपणातून माना घालून ती रांगोळी चाटून टाकायच्या. बाई दुसऱ्या दिवशी परत आखायच्या. मी एकदा म्हटलं, "बाई, कशाला जीव काढताय?" तर म्हणाल्या, "मेंढ्या थकतील."

मैदानावर उतरायचा तो त्यांचा संघ. मुलांकडे सहा-सहा महिने येऊन राहिलेले, दिवसभर रिमोटशी भांडणारे, पोरं ऑफिसला गेली की खिडकीत बसून राहणारे आजी-आजोबा. पोरं कामावर जाता जाता त्यांना बाईंच्या फाटकाशी सोडून जायची, बालवाडीत सोडतात तसंच. कुणाचे गुडघे, कुणाची कंबर. बाईंनी त्यांच्यासाठी खुर्ची-खो काढला होता. आठ जण एकाआड एक तोंडं करून खुर्च्यांवर बसायचे, नववा त्यांच्या मागून काठी टेकत फिरायचा आणि कुणाच्या तरी पाठीवर थाप मारून 'खो!' म्हणायचा. तो उठायचा, हा बसायचा. पळण्यापेक्षा ओरडणंच जास्त. नागपूरचे एक आजोबा होते, घरी सुनेशी दिवसाला दोन वाक्यं बोलायचे म्हणे. लॉनवर त्यांचा 'खो' ऐकून पलीकडच्या गाई उठून उभ्या राहायच्या.

आणि घरात, स्वयंपाकघरात, थोरली.

थोरली म्हणजे रेंज, स्वयंपाकाची अवाढव्य शेगडी. एका इंग्रज शेतकऱ्याने बोटीने मागवलेली, बिडाची, हिरव्या रंगाची, म्हशीएवढी. डिझेलवर चालायची. वर दोन जाड तवे, खाली दोन ओव्हन, आणि त्याच जाळावर पाणी तापून पंपाने घरभर फिरायचं. प्रत्येक खोलीत एक रेडिएटर, त्यातून ते पाणी गेलं की खोली ऊबदार. पुढच्या बाजूला काचेमागे एक काटा, पाणी किती तापलंय ते दाखवणारा. पांढऱ्यात असला की ठीक, लाल पट्ट्यात शिरला की गडबड. बाई सकाळी आधी तिच्या कडेवर हात ठेवायच्या. "उठलीस का गं बाई?" असं तिला विचारायच्या. मला असं गोड आवाजात कधी विचारलं नाही. भिंतीवर हीट पंप लावून घ्या म्हणून सगळे मागे लागले होते. बाई म्हणायच्या, "ते भिंतीवर लटकून नुसतं फुंकर मारतं. त्यावर पोळी होते का?"

त्या हिवाळ्यात थोरली बिघडली.

म्हणजे अशी की रोज अगदी शहाण्यासारखी वागायची. आणि एक नंबर हेन्डरसनहून आईला भेटायला आला की बरोब्बर तापायची. पहिल्यांदा झालं तेव्हा बाईंनी मुलासाठी सकाळपासून घाट घातला होता. पुरण शिजतंय, कटाची आमटी उकळतेय, ओव्हनमध्ये वांगी भाजतायत. दुपारी भिंतीच्या आतून कुणीतरी हातोडा मारल्यासारखं सुरू झालं, धाड धाड धाड. काटा लालमध्ये. छपरावरच्या पाइपातून वाफेचा हा लोट! शेजारच्या शेतकऱ्याने तो बघितला आणि फायर ब्रिगेडला फोन केला.

बंब आला. चार धिप्पाड माणसं पायात गमबूट घालून व्हरांड्यात चढली आणि बाईंनी शिट्टी मारली. "शूज!"

मला वाटलं, आता काही खरं नाही. पण पुढचा जो माओरी गडी होता, त्याने बाईंकडे बघितलं, "किया ओरा, आंटी," असा त्याच्या भाषेत नमस्कार केला आणि चक्क खाली बसून बूट काढले. बाकीच्यांनीही काढले. तोवर रेंज आपली आपणच बंद पडली होती. फार तापली की तसं होतं, मग गार झाल्यावर लाल बटण दाबून सुरू करायची. जाताना प्रत्येकाच्या हातात तुपाने निथळणारी पुरणपोळी. "स्वीट ॲज," तो गडी म्हणाला, म्हणजे तिकडच्या बोलीत 'झकास'. "गोड असतेच," बाई म्हणाल्या. त्याने 'आंटी' म्हटलेलं त्यांना चाललं, हे मी मनात नोंदवून ठेवलं.

हसलो आम्ही सगळे, पण एक नंबर हसला नाही. तो व्हरांड्याच्या पायरीवर बसला होता आणि त्याच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता.

बिचाऱ्याने मेकॅनिक बोलावला. मेकॅनिकने बर्नर साफ केला, थर्मोस्टॅट नवीन घातला, पंप तपासला. सगळे रेडिएटर उघडे आहेत का, विचारलं. "सगळे! त्यांच्या चालू-बंदच्या मुठी मी स्वतः बघते रोज," बाईंनी ठणकावून सांगितलं. मग पुढच्या वेळी एक नंबर आला, बाईंनी पुन्हा घाट घातला आणि पुन्हा धाड धाड. मेकॅनिक परत आला. साधासुधा, चांगला माणूस. मला काहीच सापडत नाही, म्हणाला, म्हातारी झाली असेल, काढून टाका.

त्या संध्याकाळी मायलेकांचं जे बोलणं झालं ते मी ऐकलं. त्या घरात न ऐकणं शक्यच नव्हतं.

"आई, रेंज काढायची."

"आणि मी थंडीत काय करू?"

"तेच म्हणतोय. रेंज काढली की हे घर तुला झेपणार नाही. घर विकू, तू आमच्याकडे चल. पुढच्या शनिवारी दुपारी एजंट येतेय फोटो काढायला. फायनल."

"फायनल कोण ठरवतं? पंच?"

"बाबा नाहीयेत आई! बाबा नाहीयेत म्हणून तर मी ठरवतोय. ऑफिसात फोन वाजला की धडधडतं मला. तुझ्या घरावर वाफ बघितली ना मी..."

दुसऱ्या दिवशी शिट्टी वाजली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. मी ऑफिसला उशिरा पोचले आणि मला ते मुळीच आवडलं नाही. घरी आले तर बाई थोरलीसमोर पाटावर बसलेल्या. मैदान आखलेलं नव्हतं. मेंढ्या कुंपणाशी उगाच उभ्या होत्या.

"सात नंबर," बाई म्हणाल्या, "हेन्डरसनला जाऊन मी काय करू गं? त्यांच्या बाल्कनीत उभी राहून शिट्टी वाजवू? आणि ही माझी म्हातारी पोरं कुठे जातील सकाळची?"

मी आपली शेजारी फतकल मारून बसले आणि रडले. रडू त्यांना यायला हवं होतं, आलं मला. बाईंनी माझ्या पाठीत एक धपका घातला. "रडू नकोस, नाक गळतंय. त्यापेक्षा डोकं चालव. तू ते कॉम्प्युटरमधल्या चुका शोधायचं काम करतेस ना? मग सांग, तो आल्यावरच का तापते?"

"कारण तो आला की तुम्ही दिवसभर रांधता."

"बरोबर. थोरली दिवसभर फुल पेटलेली. घर तापतं. घर तापलं की खोल्यांतले रेडिएटर आपापले बंद होतात, ते मुठीतच तसं असतं, मेकॅनिक म्हणाला होता. मग पाणी गरमच्या गरम, आणि जायला जागा नाही." बाई पाटावरून उठल्या. डोळे चमकायला लागले होते. "म्हणजे पळणारा दमलाय आणि त्याने खो दिला तरी कुणी उठतच नाहीये! पण मागची दोन वर्षं का नाही असं झालं? तेव्हाही तो यायचा, तेव्हाही मी पुरण घालायचे. तेव्हा कुणीतरी उठत होतं. ह्या वर्षी उठत नाहीये. कोण तो आळशी?"

"बाई, पण तुम्ही तर सगळ्या मुठी बघता."

"डोळ्यांनी बघते. बसलेल्या खेळाडूकडे बघून तो जागा आहे की झोपलाय ते कळत नाही. त्याला पळवायला लागतं." आणि शिट्टी वाजली. माझ्या कानाजवळ. कान गेले तरी चालतील, मला वाटलं, पण वाजली!

शनिवारी सकाळी संघातले आठ जण हजर. घरात रेडिएटर आठ, बसणारे खेळाडू आठ. "आणि नववं पाणी! टीम पूर्ण आहे," बाई खुशीत म्हणाल्या. थोरली रात्रभर गार ठेवलेली. एकेका आजी-आजोबांना एकेका रेडिएटरपाशी स्टुलावर बसवलं, हात रेडिएटरवर. हुकूम असा, की हाताला ऊब लागली की 'खो!' म्हणून ओरडायचं, त्याआधी नाही. नागपूरच्या आजोबांच्या वाट्याला मागची सामानाची खोली आली. "मलाच काहून अडगळीत बसवता?" ते कुरकुरले. त्यांना बॅगांच्या ढिगामागे सरकवून बसवलं.

तेवढ्यात एक नंबर हेन्डरसनहून आला. फोटोसाठी घर आवरायला म्हणून लवकर आला होता. दार उघडून बघतो तर हॉलमध्ये एक आजी रेडिएटरला हात लावून डोळे मिटून बसलेल्या.

"आई, हे काय चाललंय?"

"मॅच. बाजूला उभा राहा."

तो हाताची घडी घालून उभा राहिला. मी थोरली पेटवली, पंप सुरू केला. शिट्टी. आणि मग शांतता. अशी शांतता त्या घरात मी कधी ऐकली नव्हती. सगळे श्वास धरून आणि आम्ही तिघं थोरलीसमोर.

"खो!" स्वयंपाकघराशेजारच्या पॅसेजमधून. थोड्या वेळाने हॉलमधून, "खो!" मग माझ्या खोलीतून, मग बाथरूममधून. दर 'खो'ला बाई बोट दुमडत होत्या. बाईंच्या खोलीतून अगदी नाजूक आवाजात 'खो' आला. घर हळूहळू ऊबदार व्हायला लागलं होतं. सातवा खो सगळ्यात लांबच्या खोलीतून आला.

आठवा येईना.

आम्ही थांबलो. हॉलमधल्या आजी म्हणाल्या, माझा आता चटके देतोय, हात काढू का? आणि मग घराच्या मागून नागपूरचा आवाज आला, "बाई, माझा तं थंडगार आहे ना हो! मी काय करू?"

बाई ज्या वेगाने मागे गेल्या त्या वेगाने मी बस पकडायलाही पळत नाही. बॅगा ओढून बाजूला टाकल्या. त्या रेडिएटरला मूठच नव्हती. बाकीच्यांना होती, ह्याला नुसता उघडा दांडा. म्हणूनच बाईंच्या रोजच्या मुठी तपासण्यात तो कधी आलाच नाही. मी मेकॅनिकला फोन लावला. तो पलीकडून जवळजवळ ओरडलाच. तो रेडिएटर कधीच बंद करायचा नसतो, म्हणाला, जास्तीची उष्णता जायची ती वाट आहे, कुणी चुकून बंद करू नये म्हणून तर मूठ काढून ठेवतात. दांड्यावर पकडीचे दात उमटले होते. ताजे, चकचकीत.

"हा कुणी फिरवला?" बाईंनी विचारलं.

मी नाही. संघातलं कुणी नाही. सगळे दाराशी गोळा झाले होते. आणि सगळ्यांच्या मागून एक नंबर म्हणाला, "मी."

"तू?"

"एप्रिलमध्ये आलो होतो तेव्हा. खोली रिकामी, कुणी राहत नाही, आणि रेडिएटर आपला चालूच. मूठ नव्हती म्हणून पकडीने बंद केला." तो आईकडे बघेना. "तूच सांगायचीस ना आई. खोलीतून बाहेर पडताना सगळं बंद करून यायचं. दिवा, पंखा, गीझर. विसरलो की पुन्हा पाठवायचीस."

हो की. तो आला की घरभर फिरून बटणं बंद करत सुटायचा, हे मीही पाहिलं होतं. मी हॉलमध्ये वाचत बसलेली असतानासुद्धा एकदा माझ्या डोक्यावरचा दिवा बंद करून गेला होता. कुणाच्या शिकवणीचा परिणाम ते आम्हाला सगळ्यांना त्या क्षणी कळलं, आणि बाईंनाही. त्यांच्या तोंडावर जे काय झालं ते मला सांगता येणार नाही. आधी रागवायला तोंड उघडलं, मग मिटलं, आणि मग बाई जे हसल्या, जे हसल्या, डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"एक फेरी!" बाई म्हणाल्या. "घराभोवती. चल!"

"आई, मी पंचेचाळीसचा आहे."

शिट्टी.

आणि तो पळाला. खरंच सांगते, हेन्डरसनचा तो मोठा मॅनेजर, पोट सावरत, ओल्या गवतातून, जॅन्डल्स फटाक फटाक वाजवत, मेंढ्यांच्या समोरून घराभोवती पळाला, आणि आठही आजी-आजोबा व्हरांड्यात उभे राहून टाळ्या वाजवत होते. नागपूरचे आजोबा सगळ्यात जोरात.

पकडीने दांडा उघडला. पण बाई कसल्या थांबतात! "नुसता चोर सापडून भागत नाही. मॅच बाकी आहे." लगेच पुरण शिजत घातलं. कट उकळायला लागला, ओव्हनमध्ये वांगी गेली. तोच बेत, तोच जाळ. सगळ्या आज्या पोळ्या लाटायला बसल्या. घर तापलं, खोल्यांतले रेडिएटर एकेक करून आपले आपण बंद झाले, आणि काटा वर सरकायला लागला. पोळ्या थांबल्या. सगळे थोरलीसमोर, फक्त नागपूरचे आजोबा मागच्या खोलीत आपल्या रेडिएटरला हात लावून. एक नंबर अगदी पुढे, गुडघ्यांवर बसून, काचेला नाक लावून. काटा लाल पट्ट्याच्या अलीकडे आला. आणखी जरासा सरकला. मी देवाचं नाव घेतलं.

"अहो, इथे तं पार भाजून राहिलं हो!" मागच्या खोलीतून आजोबा ओरडले. "खो! खो! खो!"

काटा थांबला. आणि मग, तुम्हाला सांगते, अगदी ऐटीत, पांढऱ्यात परत आला. धाड नाही, धूड नाही. त्यानंतर जो ओरडा झाला तो मेंढ्यांनी जन्मभर लक्षात ठेवला असेल. एक नंबर तसाच जमिनीवर बसलेला होता. बाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, सकाळी थोरलीच्या कडेवर ठेवायच्या तसा, आणि तोही ठेवू देत बसून राहिला.

तेवढ्यात फाटकाशी एजंटची गाडी लागली. तो उठला, बाहेर गेला. आम्ही सगळे खिडकीत. दोन मिनिटं काहीतरी बोलला, मान हलवली, मग धावत आत येऊन फॉइलमध्ये दोन पुरणपोळ्या गुंडाळून घेतल्या आणि तिला नेऊन दिल्या. गाडी वळली, निघून गेली.

"काय सांगितलंस तिला?" बाईंनी विचारलं.

"घर विकायचं नाही. आई मॅच जिंकली."

मी पुढे नोकरीसाठी लोअर हट नावाच्या गावी आले. इथे मला कुणी शिट्टी मारून उठवत नाही. घड्याळाचा गजर आहे, पण त्याच्यात ती बात नाही. आठवण फार येते, लपवून काय करायचं? मागच्या हिवाळ्यात न राहवून जाऊन आले. बाई तशाच. जर्किन तेच, मैदान आखलेलं, मेंढ्या हजर. मला बघून म्हणाल्या, "आलीस? पोट वाढलंय."

एक नंबरही आला होता. रविवारी दुपारी तो परत निघाला. बॅग गाडीत ठेवली आणि पुन्हा घरात आला. सवयीने प्रत्येक खोलीतला दिवा बंद करत गेला, माझ्या डोक्यावरचा धरून. मी काही बोलायला गेले तर बाईंनी मला हाताने गप्प केलं. त्या दारात उभ्या होत्या, तोंडात शिट्टी, पण वाजवत नव्हत्या. वाट बघत होत्या.

मग घराच्या मागून, सामानाच्या खोलीतून, त्याचा खणखणीत आवाज आला.

"खो!"

बाईंनी शिट्टी वाजवली आणि त्याला जायला परवानगी दिली.